एका गिटारच्या पिवळेपणाचा पंचनामा

गिटार 1960 च्या दशकाच्या सुरुवातीची. पोलादी तारांची, पुढची पाटी म्हणजे टॉप स्प्रूसचा, पाठ आणि बाजू शिसवीच्या, मान महोगनीची, कडेनं पांढरं बाइंडिंग म्हणजे प्लास्टिकची किनार, आणि साउंडहोलच्या, म्हणजे मधल्या गोल भोकाच्या, शेजारी तपकिरी ठिपक्यांचा सेल्युलॉइडचा पिकगार्ड, वाजवताना टॉपवर ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेला पातळ तुकडा. मालकीणबाईंच्या काकांनी ती नवी घेतली आणि शेवटपर्यंत एकट्यानंच वाजवली. काका गेल्यावर ती त्यांच्या खोलीत भिंतीवरच्या खुंटीला तशीच लटकत राहिली, बरीच वर्षं. तिच्या उजव्या हाताला खिडकी होती आणि दिवसाचा काही काळ तिथून थेट ऊन यायचं.

आता बाईंना ती विकायची होती. बघायला आलेल्या गिऱ्हाइकानं ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "पुढची बाजू नंतर कुणीतरी पॉलिश केलेली आहे. रंग बघा ना, तीन ठिकाणी तीन."

जुन्या गिटारींच्या व्यवहारात हा आक्षेप साधा नाही. कारखान्यातलं मूळ लॅकर, म्हणजे लाकडावरचा पारदर्शक लेप, शाबूत असलेली गिटार आणि खरवडून नव्यानं फवारलेली गिटार, बाकी सगळं सारखं असलं तरी, एका किमतीला जात नाहीत. शिवाय खरवडताना टॉप किती पातळ झाला असेल, ही शंका वेगळीच.

बाई गिटार घेऊन माझ्याकडे आल्या. "काका कुणाला हातसुद्धा लावू देत नसत हो, पॉलिश कुठलं करतायत! तरी तुम्ही एकदा बघा. आणि जमलं तर सगळीकडे एकसारखा रंग करून द्या."

म्हणजे कामं दोन होती. टॉप पुन्हा पॉलिश झालाय का ते सांगायचं आणि रंग एकसारखा करायचा. पहिल्याचं उत्तर मिळालं तर दुसऱ्याची गरज राहील का, हा माझा प्रश्न मी तेव्हा मनातच ठेवला.

काय दिसत होतं

रंग बघायचा तर दिव्याखाली बघू नये. खिडकीपासून थोडं आत, थेट ऊन नसलेल्या उजेडात गिटार टेबलावर आडवी ठेवली. टॉपच्या उजव्या अर्ध्या भागाचा, म्हणजे बारीक तारांच्या बाजूचा, रंग गडद मधासारखा. डाव्या अर्ध्याचा त्याहून बराच फिका, सोनेरी सायीकडे झुकणारा. आणि डाव्या खांद्यापासून निघून ब्रिजच्या, म्हणजे टॉपवर तारा जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्याच्या, बाजूनं तिरकी खाली शेपटीच्या पिनेपर्यंत गेलेली, साधारण तीन बोटं रुंद अशी फिकट पट्टी. गिऱ्हाइकानं दाखवलेले तीन रंग ते हेच. पहिल्या नजरेला खरोखरच असं वाटत होतं की कुणीतरी तेवढीच पट्टी घासून घेतली आणि पुन्हा लॅकर मारलं.

बाजूंकडे वळलो तर चित्र उलटं. शिसवीची डावी बाजू जांभळट तपकिरी, जवळजवळ काळसर. खिडकीकडची उजवी बाजू मात्र विटून फिकट तपकिरी झालेली. भिंतीकडे तोंड करून राहिलेली पाठ पुन्हा गडद. म्हणजे ज्या उन्हानं टॉप गडद केला, त्याच उन्हानं शिसवी फिकी केली. ही एक गोष्ट लक्षात आली की अर्धा गोंधळ संपतो. आपण सरसकट "उन्हानं पिवळी पडली" म्हणतो, पण गिटारवर निदान सात-आठ वेगवेगळे पदार्थ असतात आणि उजेडाशी प्रत्येकाचा व्यवहार निराळा असतो.

स्प्रूसचं आधी. ताजं रंधलेलं स्प्रूस जवळजवळ पांढरं असतं. सूचिपर्णी लाकडाच्या वजनात पाव हिश्श्याहून थोडं जास्त लिग्निन असतं, तंतूंना एकमेकांशी घट्ट धरून ठेवणारं द्रव्य. हे लिग्निन अतिनील किरण शोषतं, हवेतल्या ऑक्सिजनच्या संगतीत त्याचे रेणू मोडतात आणि त्यातून पिवळी-तपकिरी झाक असलेली नवी संयुगं तयार होतात. वर्तमानपत्राचा कागद उन्हात पिवळा पडतो तो याच कारणानं. त्यात लिग्निन शिल्लक असतं. चांगल्या पुस्तकाच्या कागदातून ते काढून टाकलेलं असतं, म्हणून तो टिकतो.

हा बदल फार वरवरचा असतो. अतिनील किरण लाकडात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत अडतात. दृश्य प्रकाश जरा पुढे जातो, पण तोही मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास संपतो. गिटारचा टॉप अडीच-तीन मिलिमीटर जाड असतो. त्यातली केसभर कातडी तेवढी रापते. आरसा आत घालून टॉपची आतली बाजू पाहिली तर ती बाहेरच्यापेक्षा कितीतरी फिकी होती. पूर्णपणे नव्यासारखी नाही, कारण उजेड नसतानाही हवेनं आणि उष्णतेनं लाकूड सावकाश गडद होतच असतं. पण फरक उघड होता. हल्ली लाकूड कमी ऑक्सिजनमध्ये तापवून मुद्दाम जुनं करतात, त्या टॉपमध्ये तपकिरी रंग आरपार असतो. साउंडहोलच्या कापलेल्या कडेवर नजर टाकली की दोन्हींतला भेद कळतो.

काचेबद्दल एक गैरसमज वारंवार ऐकू येतो, तो इथेही होता. बाई म्हणाल्या, "खिडकी तर कायम बंद असायची." साधी काच साधारण 320 नॅनोमीटरच्या खालचे किरण अडवते, म्हणूनच काचेआड बसून आपली कातडी सहसा भाजत नाही. त्याच्या वरचा, 400 पर्यंतचा अतिनील पट्टा मात्र बराचसा आत येतो, आणि लिग्निनला तेवढा पुरतो. शिवाय दृश्य प्रकाशातला जांभळा-निळा भागही हातभार लावतो. काचेआडची गिटार रापतेच, फक्त जरा सावकाश.

शिसवीत रंग वेगळ्या कारणानं असतो. तिच्या गाभ्यात जन्मजात रंगद्रव्यं असतात, आणि उजेड त्यांना फोडतो. पडौकसारखं भडक नारिंगी लाकूड काही काळात तपकिरी होतं, तेही असंच. कारखान्यात फवारलेल्या रंगांनाही हे लागू आहे. गिब्सननं 1960 मध्ये काढलेल्या हमिंगबर्ड गिटारचा चेरी रंगाचा सनबर्स्ट, म्हणजे मधून कडेकडे गडद होत जाणारा रंग, घ्या. त्यातला लाल रंग उजेडाला कच्चा असल्यामुळे काही गिटारींवर तो चहाच्या रंगावर आला आहे, काहींवर जवळजवळ उडालाच आहे. त्याच गिटारींचं स्प्रूस आणि लॅकर मात्र या काळात गडद होत गेलं. दोन्ही बदल एकाच पृष्ठभागावर एकमेकांत मिसळतात, म्हणून फोटो बघून "मूळ रंग असा होता" असं ठामपणे सांगणाऱ्यांवर मी फारसा विसंबत नाही.

पट्ट्याचं प्रकरण

ती तिरकी पट्टी. तिचा उलगडा भिंगानं झाला, पण त्याच्याही आधी गिटारच्या पेटीनं केला. पेटीत गळ्यात अडकवायचा जुना सुती पट्टा गुंडाळून ठेवलेला होता. त्याची रुंदी फिकट पट्टीइतकीच. उलगडून पाहिला तर एका बाजूची वेलबुट्टी पार विटलेली आणि दुसऱ्या बाजूची अजून लालभडक. काकांची गिटार भिंतीवर टांगताना पट्टा वरून डोक्याला बांधलेला आणि खालून पिनेला अडकवलेला राहिला होता, आणि तो पुढून लोंबत होता. वर्षानुवर्षं टॉपवर सावली पडली ती त्याची.

आता हे नुसतं सुचणं झालं, पुरावा नव्हे. पुरावा पट्टीच्या कडांत होता. खांद्याशी आणि शेपटीशी, जिथे पट्टा लाकडाला टेकला असणार, तिथे फिकट पट्टीची कड सुरीनं कापल्यासारखी स्वच्छ होती. मधल्या भागात, जिथे तो तारांच्या आणि ब्रिजच्या उंचीमुळे हवेत लोंबला असणार, तिथे कड विरत गेलेली. सूर्य दिवसभर आणि ऋतूंप्रमाणे सरकतो, तशी अंतरावरच्या वस्तूची सावलीही सरकते आणि तिची कड पुसट होते. टेकलेल्या वस्तूच्या सावलीला सरकायला जागाच नसते. घासलेल्या किंवा फवारलेल्या डागाची कड अशी वागत नाही. तो एक तर सगळीकडे विरलेला असतो, नाहीतर मास्किंग टेपच्या रेषेवर सगळीकडे तुटलेला.

दुसरी खूण कडेच्या बाइंडिंगवर. फिकट पट्टी लाकडावरून बाइंडिंगवर तशीच, त्याच रेषेत चढत होती. लाकूड आणि प्लास्टिक ही दोन वेगळी द्रव्यं, घासली तर दोन्हींवर वेगळा परिणाम दिसला असता. सावलीला असा भेदभाव ठाऊक नसतो.

पट्ट्याच्या टोकाला रेक्झिनचा तुकडा शिवलेला होता. तो शेपटीजवळ जिथे टेकला होता तिथलं लॅकर चिकट, मऊ आणि त्यावर रेक्झिनच्या पोताचा ठसा. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेली द्रव्यं हळूहळू बाहेर झिरपतात आणि नायट्रोसेल्युलोज लॅकरला मऊ करतात. स्वस्तातल्या स्टँडचे रबरी पाय, प्लास्टिकची आवरणं, कृत्रिम चामड्याचे पट्टे, सगळ्यांची तक्रार हीच. हा डाग उन्हाचा नाही आणि वयाचाही नाही. तो वेगळा नोंदवला. अशा डागाला घासून चकाकी आणू नये, नुसतं मोकळ्या हवेत राहू द्यावं. लॅकर थोडंफार पुन्हा कडक होतं, ठसा मात्र राहतो.

लॅकर काय सांगत होतं

इथे थोडा इतिहास लागतो. 1923 मध्ये ड्युपाँटनं ड्युको नावाचं नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारगाड्यांसाठी बाजारात आणलं, आणि त्याच दशकात गिटारचे कारखानेही फवाऱ्याच्या लॅकरकडे वळले. त्याआधीचं काम शेलॅक आणि वॉर्निशचं. 1960 च्या दशकातल्या या गिटारवर नायट्रोसेल्युलोजच अपेक्षित होतं. ते पाण्यासारखं स्वच्छ लागतं आणि वयानुसार पिवळं होत जातं. उजेडात भराभर, अंधारात सावकाश. पेटीत झाकून ठेवलेल्या गिटारी भिंतीवरच्या जोडीदारांपेक्षा फिक्या दिसतात त्या लाकूड आणि लॅकर या दोन्हींमुळे.

मग पिवळेपणातला लाकडाचा वाटा किती आणि लॅकरचा किती? बाइंडिंगवर हे वेगळं करता येतं, कारण बाइंडिंगखाली लिग्निन नाही. मानेच्या बुडाशी, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, तिथे नखाच्या टोकाएवढ्या जागेत ब्लेड आडवं धरून लॅकर हलकेच खरवडलं. खालचं बाइंडिंग साय-पांढरं निघालं, वरून दिसणाऱ्या लोणकढ्या पिवळ्यापेक्षा बरंच उजळ. म्हणजे बाइंडिंगचा पिवळा मुख्यत्वे लॅकरचा होता. बाइंडिंग पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड लावा, असा सल्ला जुन्या संगणकांच्या प्लास्टिकवरून उचलून हल्ली गिटारलाही दिला जातो. पिवळं जर लॅकर असेल तर त्या सल्ल्यानं काय साधणार? उलट पाणी कडेतून लाकडात शिरेल ते वेगळंच.

थेंबभर थिनर कापसाच्या काडीवर घेऊन पिनेच्या भोकाच्या आत लावलं. लॅकर लगेच विरघळलं. पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर या दुसऱ्या जातीचं पॉलिश असतं तर त्याला काही झालं नसतं. पण एवढ्यावर "मूळ पॉलिश" असा शिक्का मारता येत नाही. नंतर पॉलिश करणाऱ्यानंही नायट्रोच वापरलं असू शकतं. या चाचणीनं फक्त एक शक्यता बाद होते.

खरा निकाल बारीक तड्यांनी दिला. जुनं नायट्रो आक्रसतं, ठिसूळ होतं आणि थंडी-उष्णतेच्या झटक्यांनी त्यात केसासारख्या रेषा पडतात. या टॉपवर तशा रेषा तंतूंना आडव्या गेलेल्या होत्या, आणि तिरप्या उजेडात पाहिल्या तर गडद भागातून फिकट पट्टीत शिरून पलीकडे तशाच बाहेर पडत होत्या. एकही रेषा पट्टीच्या कडेला थांबत नव्हती. पट्टी नंतर फवारलेली असती तर तिथे रेषा भरून गेल्या असत्या, निदान वेगळ्या तरी झाल्या असत्या.

रात्री खोली अंधारी करून अतिनील टॉर्च फिरवला. जुनं नायट्रो त्या प्रकाशात दुधट, हिरवट-पिवळं चमकतं. नंतरचा टचअप तिथे काळसर ठिगळासारखा उठून दिसतो. टॉप सगळीकडे चमकला, पट्टीत किंचित कमी, पण सलग. अपवाद एक. साउंडहोलच्या वरच्या कडेला अंगठ्याच्या नखाएवढा काळा डाग. दिवसा तो डोळ्यांना दिसतच नव्हता. कधीतरी नखांनी झिजलेल्या जागी कुणीतरी लॅकरचा हात फिरवला असणार. बाईंना दाखवला. त्या जरा गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "काकांनीच केलं असेल. कुणाला सांगितलं नसेल."

बाकी तपास झटपट उरकला. खुंट्यांच्या पट्ट्या काढल्या तर खाली महोगनी फिकट, स्क्रूंची भोकं एकेकच, लॅकर सलग. सहातल्या पाच खुंट्यांचं निकेल धुरकट राखाडी झालेलं, थोड्या उबदार झाकेचं. सहावी निळसर चकाकीची, म्हणजे क्रोमची, म्हणजे बदललेली. निकेलचा हा धुरकटपणा घाम आणि हवेतल्या गंधकाच्या संयुगांचा, उन्हाचा त्यात संबंध नाही. हाडाचं सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती पातळ पट्टी, खाचेतून उपसलं तर खाचेतला झाकलेला भाग वरच्या उघड्या भागाहून पिवळा. लोकांना याचं नवल वाटतं, कारण सगळं पिवळं ऊनच करतं असं डोक्यात बसलेलं असतं. हाडातली उरलेली चरबी वयानं पिवळी होते आणि उजेड तिला विरंजित करतो. हस्तिदंती पट्ट्यांचे जुने पियानो झाकण लावून ठेवले की पिवळे पडतात, ते याच जातीचं. साउंडहोलच्या खाली आत चिकटवलेल्या लेबलचं वरचं टोक, जिथपर्यंत उजेड पोचत होता, तिथे शाई उडालेली आणि कागद तांबूस. खालची ओळ ठळक. म्हणजे लेबलसुद्धा त्या खिडकीची साक्ष देत होतं.

पिकगार्ड

रंगाच्या वादात ज्या गोष्टीकडे ना गिऱ्हाइकाचं लक्ष गेलं ना बाईंचं, ती ही. आणि माझ्या मते या गिटारचं खरं दुखणंही हेच होतं.

सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. लॅकरचं ते चुलतभावंडच. कापूर वर्षानुवर्षं उडत राहतो आणि तुकडा आक्रसतो, कडा वर उचलतो. त्या काळी कित्येक कारखान्यांत पिकगार्ड थेट कोऱ्या लाकडावर चिकटवत आणि मग सगळ्यावर मिळून लॅकर फवारत. आक्रसणाऱ्या पिकगार्डानं लाकडाला धरून ठेवलं की तो लाकडालाही बरोबर ओढतो, आणि स्प्रूस तंतूंच्या रेषेत फाटतं. बहुधा साउंडहोल ते ब्रिज या पट्ट्यात, पिकगार्डाच्या कडेला.

इथे पिकगार्डाची खालची कड उचललेली होती, आणि तिच्या बाहेर जेमतेम मिलिमीटरभर रुंदीची, पिकगार्डाच्या बाह्यरेषेला समांतर अशी एक पट्टी. भिंगातून पाहिलं तर त्या पट्टीत लॅकर नव्हतं. कोरं लाकूड, तेही आता हलकं पिवळं. म्हणजे पिकगार्ड मुळात तिथपर्यंत होता, लॅकर त्याच्यावर होतं, तो मागे सरकला आणि लॅकरची कड तिथेच राहिली. कुणी टॉप नव्यानं फवारला असता तर ही फट लॅकरनं भरून गेली असती. पुन्हा पॉलिश झालेलं नाही याचा मला मिळालेला सगळ्यांत पक्का पुरावा हा होता. मात्र त्याच कडेला, ब्रिजकडे जाणारी, नखात अडकेल अशी भेगही होती.

रंग तसाच ठेवला असता तरी गिटारचं काही बिघडलं नसतं. भेग तशी ठेवली असती तर बिघडलं असतं. म्हणून पिकगार्ड काढणं भाग होतं. सेल्युलॉइड भडकन पेटतं, त्यामुळे हीटगन वगैरेचं नावही काढायचं नाही. कोमट उष्णता, पातळ लवचीक पातं, तंतूंच्या दिशेनं, अगदी सावकाश. तरी काही ठिकाणी तंतू उचलले गेलेच. ते जागेवर पुन्हा बसवले.

पिकगार्ड निघाला आणि खाली 1960 च्या दशकातलं स्प्रूस होतं. जवळजवळ पांढरं. त्याच्या शेजारी तो गडद मधाचा टॉप, मध्ये करकरीत रेघ. बाई बघतच राहिल्या. त्यांना तोपर्यंत फिकट पट्टी म्हणजेच गिटारचा मूळ रंग वाटत होता. मूळ रंग त्याहून किती फिका होता ते आता समोर दिसत होतं. पट्ट्यानं सावली दिली, पण आजूबाजूचा उजेड येतच होता, आणि ती सावली पडायला लागली तीही काका गेल्यावर. पिकगार्डाखाली पहिल्या दिवसापासून अंधार होता.

भेग आधी दमट हवेत ठेवून मिटवली, सरस आत मुरवला आणि आतून स्प्रूसचे छोटे चौकोनी तुकडे तंतू आडवे ठेवून लावले. काम नेहमीचंच आहे, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

एकसारखा रंग

उरली बाईंची दुसरी मागणी. त्यांना मी तीन रस्ते सांगितले आणि तिन्हींची किंमतही सांगितली; पैशांची नव्हे.

पॉलिश पेपरनं सगळा टॉप घासून नव्यानं लॅकर. रापलेला थर पातळ आहे, तो निघेल, खालून पांढरं लाकूड येईल. पण टॉपची जाडी कमी होईल, मूळ लॅकर जाईल, आणि गिऱ्हाइकाचा जो आक्षेप खोटा होता तो आपण आपल्या हातानं खरा करू.

फिकट पट्टीवर मधाच्या रंगाचं लॅकर फवारणं. नव्या गिटारींवर कारखाने असंच करतात. जुनेपणाची झाक पहिल्याच दिवशी मिळते आणि लोकांना ती आवडते. इथे अडचण अशी की पट्टीखालचं लाकूड अजून रापायचं बाकी आहे. आज रंग जुळवला तर ते लाकूड नंतर आपल्या गतीनं गडद होत जाईल, वर फवारलेला रंगही राहील, आणि फिकट पट्टीच्या जागी काही वर्षांनी गडद पट्टी दिसेल. तेव्हा ती सावली राहणार नाही, तो खरोखरच कुणीतरी फवारलेला डाग असेल.

तिसरा रस्ता काहीच न करण्याचा, किंवा नेमकं सांगायचं तर उजेडालाच काम पुरं करू देण्याचा. स्प्रूसचा रंग सुरुवातीला झपाट्यानं बदलतो आणि पुढे मंदावत जातो. त्यामुळे आधीच गडद झालेला भाग फारसा पुढे जात नाही आणि मागे राहिलेला त्याला गाठत येतो. पूर्ण गाठेल असं नाही, पण डोळ्याला खुपणार नाही इतपत अंतर कमी होतं.

"मग गच्चीत उन्हात ठेवू का चार दिवस?" असं बाईंनी लगेच विचारलं. बहुतेकांच्या मनात हेच येतं, म्हणून उत्तर नीट लिहून ठेवतो. नाही. उन्हात लाकडाचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. सरस 60 अंश सेल्सियसच्या आसपास मऊ होऊ लागतो, आणि ब्रिजवर तर तारांचा ताण अखंड असतो. ब्रिज उखडतो, टॉप वाळून आक्रसतो, लॅकरला नवे तडे जातात. रंगासाठी सांधे गमावणं हा कसला सौदा! भरपूर उजेडाच्या खोलीत, थेट ऊन लागणार नाही अशा जागी, हवेतली आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास, आणि पट्टा सोडवून पेटीच्या बाहेर. एवढंच. दिवे लावून घाई करणारेही आहेत. मी या गिटारवर ते केलं नसतं.

पिकगार्डाच्या जागेचा मात्र निर्णय लगेच घ्यायचा होता. बाईंच्या मुलानं पारदर्शक पिकगार्ड सुचवला, लाकूड दिसावं म्हणून. दिसलं असतं ते पांढऱ्या लाकडाचं पिकगार्डाच्या आकाराचं भूत. पारदर्शक फिल्म चिकटवली तर ते हळूहळू रापलं असतं, पण तोवर गिटार विकायची होती. शेवटी कोऱ्या लाकडावर आधी लॅकरचे पातळ हात दिले आणि वर मूळ बाह्यरेषेचाच नवा पिकगार्ड, दुतर्फी चिकट फिल्मनं. कड मिलिमीटरभर बाहेर ठेवली, म्हणजे ती कोरी पट्टी झाकली जाईल. पुढच्या कुणाला तपासायचं असेल तर पट्टीचे जवळून काढलेले फोटो अहवालात आहेत.

जुना पिकगार्ड बाईंना परत दिला, पण गिटारच्या पेटीत ठेवू नका असं बजावून. सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून नायट्रोजनची आम्लधर्मी वाफ सुटते आणि बंद पेटीत ती तारा, खुंट्या, फ्रेट सगळ्यांना खाते. कापराचा वास आंबूस वाटायला लागला की समजावं, वेळ आली. त्याला साध्या कागदाच्या पाकिटात, हवा खेळेल अशा थंड जागी, आगीपासून लांब ठेवायला सांगितलं.

अहवालात मी असं लिहिलं: टॉपचं लॅकर मूळ, साउंडहोलच्या कडेला नखाएवढा जुना टचअप, शेपटीला रेक्झिनचा डाग, एक खुंटी बदललेली, पिकगार्ड बदलला, टॉपवरची एक भेग दुरुस्त केली. रंगातला फरक उजेडाचा आणि पट्ट्याच्या सावलीचा, फोटो जोडले. बाईंनी तो त्याच गिऱ्हाइकाला दाखवला. त्यानं विटलेला पट्टा मागून घेतला आणि फिकट पट्टीवर आडवा धरून स्वतः पडताळून पाहिला. पॉलिशचा मुद्दा त्यानं सोडला. आता त्यांची घासाघीस भेगेवरून चालू आहे, आणि त्यात त्याची बाजू मला चुकीची वाटत नाही.